चार बोल्टचं काम

अमरावती
९ जानेवारी २००५

प्रिय शफीक,

नमस्कार. तुझ्या दुकानाशेजारच्या घड्याळवाल्याकडे फोन केला होता. तो म्हणाला, "शफीकभाईले फोनवर काई ऐकू येत नाई, चिठ्ठी धाडा." तीस वर्षं सायलेन्सर ठोकून शेवटी कान घालवलेस की रे! बरं झालं. आयटीआयत सोबत शिकलो, तिथून सुटल्यावर आपली पत्रं हळूहळू कमी झाली होती, आता तुझे कान मला लिहायला लावतील.

काम असं आहे. मी एक गाडी घेतली आहे. एस्टीम, नव्व्याण्णवची, निळी. धामणगावच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे दोन वर्षं धूळ खात उभी होती. मी तिचं हेड घासून घेतलं, कॅम बदलला. आता ती अशी पळते की आमच्या संस्थेची पोरं फाटकात उभी राहून बघतात. पन्नाशी ओलांडलेला मास्तर आणि हे खूळ! पण तुला माहीत आहे, मला पहिल्यापासून वेगाचं वेड.

अडचण एकच. मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांच्या वर इंजिन गुदमरतं. धुराला मागे जायला वाट मिळत नाही, बॅक प्रेशर वाढतं. माझा संशय धूर शुद्ध करणाऱ्या डब्यावर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर आहे. वर्गात मी पोरांना शिकवतो की त्या डब्यातली मधाच्या पोळ्यासारखी जाळी विषारी वायूचा निरुपद्रवी वायू करते, म्हणून तिला हात लावू नये. आणि मीच तो काढायला निघालोय. हसू नकोस. मार्चमध्ये नागपूरकडे एका क्लबची शर्यत आहे, बंद मैदानावर. तेवढ्यापुरता डबा काढून सरळ पाइप टाकून दे. असं काम तुझ्यासारखं वऱ्हाडात कोणी करत नाही.

रविवारी गाडी तुझ्याकडे सोडून एसटीनं परत येतो.

तुझा,
सूर्यभान


अकोला
१८ जानेवारी २००५

प्रिय सूर्यभान,

सलाम. मी बोलतो तसंच लिहितो, तुह्यासारखं मास्तरी मराठी मले जमत नाई.

तुही गाडी पाह्यली. मांगचा सायलेन्सर सोडवला, इंजिनाजवळचा सेन्सर खोलून त्या जागी दाबाचा गेज लावला. अडीच हजार फेऱ्यांवर सव्वा पौंड दाब. डबा चोंदला असता तं पाच-सहा दाखवलं असतं. म्हंजे तुहा डबा निरा चांगला हाये. रोग मांगच्या सायलेन्सरात होता. आतला पत्र्याचा पडदा सुटून आडवा पडला होता, धूर तिथंच थटे. सायलेन्सर फाडला, पडदा बसवला, पुन्हा जोडला. आता चालवून पाय. वरपर्यंत मोकळी जाते.

तरी तू म्हणशीन, शर्यत हाये, डबा काढच. म्हून पहिलेच सांगतो. तुही गाडी आता पेट्रोल ज्यास्त पिते. तिचा धूर जाळीतून गेला नाई तं तो जहर हाये. त्याले रंग नाई, वास नाई. मैदानात हरकत नाई, हवा मोकळी अस्ते. पण बंद काचेच्या गाडीत माणसं बसवून रस्त्यावर चालवली आन् कुठं जोड सुटला, तं बसणाऱ्याले समजणारबी नाई.

माही एक अट. मी पाइप वेल्डिंगनं कायमचा नाई जोडत. दोन्हीकून फ्लँज, म्हंजे बोल्टाच्या चकत्या, लावतो, दोन बोल्ट इकडे, दोन तिकडे. शर्यत झाली की पाइप काढ, डबा बसव. चार बोल्टचं काम हाये, अर्धा घंटा. तू लेखी शब्द दे, मंग मी पाना हातात घेतो.

तुहा,
शफीक


अमरावती
२४ जानेवारी २००५

प्रिय शफीक,

मित्राकडून लेखी मागतोस! पण घे, देतो. शर्यत संपली की डबा परत बसवीन. रस्त्यावर या गाडीत बायकापोरांना बसवणार नाही. आणि कधी विकायची वेळ आलीच, तर आधी डबा बसवीन, मग गिऱ्हाइकाला दार उघडून देईन. झालं समाधान?

तू पाइप कर. तुझं काम डोळे मिटून घ्यावं असं असतं.

तुझा,
सूर्यभान


अकोला
१४ ऑगस्ट २००६

प्रिय सूर्यभान,

सलाम. तू शर्यतीत दुसरा आला, त्याचा फोटो दुकानात लावला हाये. गिऱ्हाइकाले सांगतो, ह्या गाडीचा पाइप माह्या हातचा. निळी काय म्हणते? डबा बसवला ना?

आज लिहाचं कारण येगळं हाये. आपली महेजबीन जानेवारीपासून मूर्तिजापूरच्या एका संस्थेत कामाले लागली. ह्या कापसाच्या आफतीत ज्या घरचा माणूस जीव देऊन गेला, त्या घरी जाऊन बाईमाणसापाशी बसाचं, तिचं ऐकून घ्याचं, तिचे सरकारी कागद भराचे. मी म्हणलं, पोरी, हे काम तुह्या उमरीचं नाई. ते म्हणे, "अब्बा, त्या बाया मले पाहून चहा मांडतात. मी कशी नाई जाऊ?" अकोल्याहून रेल्वेनं मूर्तिजापूरले जाते आन् तिथून संस्थेच्या मोटारीनं गावोगाव.

दोन महिन्यांपासून तिचं डोकं दुखून राह्यलं. रोज नाई. ज्या दिवशी लांबच्या गावाले गेली, त्या दिवशी. घरी येते तं चेहरा उतरलेला, उलटी होते, कधी कोणाचं नाव आठवत नाई. डाक्टर म्हणे, दुःख पाहून पाहून मनावर घेतलं. मनाच्या गोळ्या देल्या. तिची अम्मी म्हणे, नजर लागली.

माह्या डोक्यात दुसरंच आलं. संस्थेची मोटारबी एस्टीम हाये, पांढरी, औंदा अमरावतीच्या कोण्या एजंटाकून घेतलेली. धूर तं आत येत नसन? मी सोताच गेलो असतो, पण गेल्या महिन्यात गरम लोखंड पायावर पडलं, जखम भरून नाई राह्यली, दुकानातबी बसूनच काम करतो. दर बुधवारी ते गाडी अमरावतीच्या ऑफिसात येते. तू एकडाव खाली झोपून पाय. ड्रायव्हर पंजाबराव म्हून हाये, चांगला माणूस.

तू पाह्यली म्हंजे मी पाह्यली.

तुहा,
शफीक


अमरावती
२६ ऑगस्ट २००६

प्रिय शफीक,

तुझं पत्र मिळालं. पायाची काळजी घे.

बुधवारी मी त्या ऑफिसात जाऊन गाडी पाहिली. पंजाबरावला सांगून रॅम्पवर घेतली आणि स्वतः खाली जाऊन सर्व जोड तपासले. सायलेन्सर, पाइप, डबा, सर्व जागच्या जागी आहे. पीयूसीचा कागदही चालू तारखेचा आहे. गाडी ठणठणीत आहे, असं मी जबाबदारीनं सांगतो.

पंजाबरावला एवढंच म्हणालो की काचा उघड्या ठेवत जा. पावसाळ्यातल्या कोंदट हवेत कोणालाही मळमळतं. महेजबीनचं म्हणशील तर डॉक्टरांचं बरोबर वाटतं. रोज कोणाच्या ना कोणाच्या घरचा आकांत ऐकायचा, तर डोकं दुखणारच. तिला गोळ्या वेळेवर घ्यायला सांग.

तू मुद्दाम मूर्तिजापूरला जाऊन पायाला त्रास देऊ नकोस. पाहण्यासारखं काही नाही.

निळी बरी आहे. शेडमध्ये उभी असते. डबा केव्हाच बसवला.

तुझा,
सूर्यभान


अकोला
१६ ऑक्टोबर २००६

प्रिय सूर्यभान,

सलाम. तुह्या पत्रानं छातीवरचं ओझं उतरलं. आन् तुही काचा उघड्या ठेवाची अक्कल कामी आली बरं. महेजबीनचं डोकं आता कमी दुखते. पंजाबराव तं तसाबी खर्रा खाते, त्याच्या बाजूची काच थुंकासाठी उघडीच अस्ते. आता महेजबीनबी आपल्या बाजूची उघडी ठेवते.

मंधात तिनं काम सोडाचं काढलं होतं. म्हणे, "अब्बा, त्या गाडीत बसलं की मले कसंचंच होते." मीच समजावलं. म्हणलं, सूर्यभान काकानं गाडी खाली झोपून पाह्यली. ते मोटारीचे मास्तर हायेत. गाडीत काई नाई, तुह्या मनात हाये. जाय, त्या बाया वाट पायतात. गेली बिचारी.

पुढच्या हप्त्यात तुमची दिवाळी आन् आमची ईद चार दिवसांच्या फरकानं हाये. तू येजो. शीरखुर्मा ठेवतो. वहिनीले सलाम.

तुहा,
शफीक


अकोला
२ जानेवारी २००७

सूर्यभान,

तू ईदले आला नाई, पत्रबी नाई धाडलं. मले वाटलं, कामात अशीन.

२१ डिसेंबरले सकाळी महेजबीन आन् पंजाबराव अकोटकडच्या एका गावाहून निघाले. मांगच्या सीटवर दुर्गाबाई होत्या, सेहेचाळीस वर्षांच्या. दोन वर्षांपहिले त्यांचा मालक गेला. त्यांच्या कागदाची सुनावणी अकोल्याले होती, म्हून त्यायले घेऊन येऊन राह्यले होते. थंडी मरणाची. दुर्गाबाई म्हणे, "पोरी, काच लाव वं, मले लई हीव वाजून राह्यलं." महेजबीननं आपली काच लावली, मांगच्या दोन्ही लावल्या, पंजाबरावची तेवढी बोटभर उघडी राह्यली. दुर्गाबाईनं शाल डोक्यावरून घेतली.

रस्त्यात एका फाटकावर गाडी थांबली. इंजिन चालूच होतं, फाटक उघडाले येळ लागला. पंजाबराव थुंकाले खाली उतरला, बाहेरच उभा राह्यला. परत येऊन पायते तं दोघी झोपलेल्या. त्याले वाटलं, पहाटेच्या उठलेल्या हायेत, झोपू द्या. कचेरीपुढं येऊन हाक मारली. एकबी उठली नाई.

महेजबीन तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. दुर्गाबाई उठल्याच नाई. दवाखान्यात लिहिलं, हृदय बंद पडलं.

मी माह्या पोरीपाशी बसलो होतो. थंडीच्या दिवसात तिचे ओठ डाळिंबासारखे लाल. दुर्गाबाईचे गाल मी शेवटी पाह्यले, जशी बाई आत्ता चुलीपुढून उठली. तीस वर्षं मी धुराचं काम केलं. हा त्या जहराचा रंग हाये, हे मले कोणी सांगाची गरज नोती.

काठी टेकत गेलो आन् गाडी जॅकवर उचलून घेतली. डब्याचा वरचा जोड फुटला होता, तिथून धूर निघे. डबा ठोकून पाह्यला, आवाज पोकळ. कान गेले तरी हाताले समजते. ग्राइंडरनं डबा फाडला. आत जाळी नोती. आत एक सरळ पाइप होता, दोन्हीकून फ्लँज, चार बोल्ट. वेल्डिंग माह्या हातचं. माही शिवण मी आंधळा झालो तरी वळखीन. दाराच्या कडेचा पांढरा रंग खरडला, खाली निळा निघाला.

मंग मांगच्या सीटखालचं कार्पेट उचललं. पेट्रोलच्या टाकीची वायर जिथून आत येते, त्या भोकाचं रबर नोतं. त्या जागी पुट्टी भरली होती, तडकलेली. पंजाबरावले इचारलं, हे कोणं भरलं? तो म्हणे, "ऑगस्टमधी अमरावतीचे मास्तर आल्ते ना, त्यायनं. मले म्हणे, कोणाले सांगू नको, फालतू भेतीन."

सूर्यभान, मी एकच गोष्ट इचारतो. महेजबीन ज्या गाडीत बसते ते तुहीच गाडी हाये, हे ऑगस्टमधी तुले माईत होतं का?

शफीक


अमरावती
९ जानेवारी २००७

प्रिय शफीक,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. लिहायला बसतो आणि उठतो.

होय. माहीत होतं.

शर्यतीनंतर डबा माझ्या कपाटात होता. एक भंगारवाला आला, त्या जाळीत मौल्यवान धातू असतो म्हणाला. मी विकली. तेव्हा गाडी विकायचा विचारही नव्हता. पुढं मी शिकवतो त्या संस्थेत बदल झाले, शेड गेलं, गाडी ठेवायला जागा उरली नाही. एजंट म्हणाला, डबा दिसला पाहिजे, नाहीतर कोणी घेणार नाही. म्हणून तुझ्या पाइपवरून पत्र्याचं रिकामं खोकं जोडलं. पीयूसीवाला ओळखीचा होता. रंग एजंटानं दिला. गाडी कुठं गेली ते मी विचारलं नाही. खरं सांगतो, विचारावंसं वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये तुझं पत्र वाचलं तेव्हाच शंका आली होती. ऑफिसात गाडीखाली गेलो आणि मीच जोडलेलं खोकं दिसलं. तिथंच संस्थेच्या लोकांना सांगायला हवं होतं. पण लगेच पुढचं दिसलं. खोटा डबा, खोटा कागद, चौकशी, नोकरी. मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. मी भोक बुजवलं, काचा उघड्या ठेवायला सांगितल्या आणि स्वतःला सांगितलं, एवढ्यानं भागेल. तू ऑक्टोबरमध्ये लिहिलंस की पोरीचं डोकं कमी दुखतंय, तेव्हा मी देवापुढं नारळ फोडला. ईदला मात्र तुझ्यासमोर बसायची हिंमत झाली नाही.

शफीक, आता हात जोडून सांगतो. दुर्गाबाई परत येणार नाहीत. दवाखान्यानं हृदय लिहिलं आहे, ते तसंच राहू दे. तू तो पाइप पोलिसांकडे नेलास तर ते पहिल्यांदा विचारतील, हा कोणी केला? वेल्डिंग तुझं आहे. या दिवसांत तुझ्या नावाच्या माणसाला ठाण्यात कसं वागवतात, हे मी सांगायला नको. मी हे धमकी म्हणून लिहीत नाही. आपल्या दोघांच्या भल्याचं सांगतो.

आणि महेजबीनला एवढं कळू देऊ नकोस. ती मला काका म्हणते.

तुझा,
सूर्यभान


अकोला
२८ जानेवारी २००७

सूर्यभान,

तू होय म्हणला. मले वाटलं होतं, तू नाई म्हणशीन. नाई म्हणला असता तं मी कदाचित मानलंबी असतं. चाळीस वर्षांची सवय हाये मले तुह्यावर इश्वास ठेवाची.

तू जाळी विकली, ते मी सोडून देलं असतं. गाडी तशीच विकली, तेबी माणसाच्या हातून होते म्हणलं असतं. पण माही पोरगी कोण्या गाडीत बसून आजारी पडून राह्यली, हे मी तुले माह्या हातानं लिहून कळवलं. तू त्या गाडीखाली जाऊन आला आन् मले लिहिलं की डोकं दुखणारच. मी ते पत्र तिले वाचून दाखवलं. ते नाई म्हणत होती, मी तिले त्या गाडीत बसवलं. तुह्या शब्दावर.

पाइप, डबा आन् तुही समदी पत्रं मी १५ तारखेले ठाण्यात नेऊन देली. तुह्या शब्दाचंबी, खोट्याचंबी, होयचंबी. माह्या नावाच्या माणसाले तिथं कसं वागवतात म्हणत होता ना? साहेबानं खुर्ची देली. म्हणे, "चाचा, पाइप तुमी केला. तुमचं नाव पहिलं येईन." मी म्हणलं, पहिलंच लिहा. हा पाइप रस्त्यावर आला तं माणूस मरते, हे मले माईत होतं. माईत असून केला. एका कागदाच्या भरवशावर केला.

महेजबीनले मी समदं सांगतलं. ते रडली नाई. मले म्हणे, "म्हंजे मी येडी नोती होत." चार महिने त्या पोरीनं मनाच्या गोळ्या खाल्ल्या, आपल्या डोक्यात बिघाड हाये समजून. तिले अजून मधूनच शब्द सापडत नाई. डाक्टर म्हणते, येईन हळूहळू. तुहं नाव ते आता घेत नाई.

परवा आमी दोघं दुर्गाबाईच्या गावाले गेलो, एसटीनं. घरात त्यांची पोरगी अपेक्षा एकटी हाये, एकोणीस वर्षांची. लोक मले म्हणत होते, कायले जाता, पोट्टी दगड मारन. मी वट्यावर बसलो आन् पाइपापासून सुरुवात केली. तुहं नाव सांगतलं, माहं सांगतलं. तुही माय हृदयानं नाई गेली, आमच्या कामानं गेली म्हणलं.

ते उभ्यानंच ऐकत होती. मंग तिनं महेजबीनले इचारलं, "तिनं मले हाक मारली होती का?"

महेजबीन म्हणे, "नाई. काच लाव म्हणाली आन् झोपली."

ते दाराच्या चौकटीले टेकली. मंग म्हणे, "माह्या बापाच्या येळी समदे आले होते. पुढारी आले, सायेब आले, पेपरवाले आले. समदे म्हणे, कोणाचाच दोष नाई, पाऊस नाई, भाव नाई. आपलं नाव सांगून दारात आलेले तुमी पहिले." आन् आत जाऊन दार लावून घेतलं. तिनं आमाले पाणी इचारलं नाई. बराबर केलं.

पोस्टमार्टमच्या चिठ्ठीत अंग लाल लिहिलं हाये, त्यावरून आन् माह्या जबाबावरून आता हृदय खोडून धूर लिहिणार हायेत. तपासाले तुह्याकडे या हप्त्यात माणसं येतीन. खोटं बोलू नको, पत्रं त्यांच्यापाशी हायेत. माह्यासाठी वकील पाहू नको, वहिनीले रडवून माह्या घरी धाडू नको.

पुढं तारखा पडतीन. कोर्टात आपल्याले एकाच बाकड्यावर बसवतीन, एकाच गुन्ह्याचे म्हून. मी येऊन बसीन. माह्यासंग बोलू नको.

शफीक